डेंग्यू, चिकुनगुन्याचे विषाणू शहरात वर्षभर टिकतात कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायट्यांचे पदाधिकारी, शिक्षक, आशा सेविका आणि घरोघरचे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एक उत्तर दुसऱ्याशी जोडलेलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पाऊस संपला की डेंग्यू जातो. मग पुढच्या पावसाळ्यात तो येतो कुठून?

तो जात नाही, फक्त दिसेनासा होतो. पुणे, मुंबई, नागपूर अशा मोठ्या शहरांत जानेवारी ते मे या काळातही तुरळक रुग्ण सापडत राहतात. विषाणू पुढे जातो तो प्रामुख्याने माणूस, डास, पुन्हा माणूस अशा बारीक साखळीतून. बाहेरगावाहून येणारे लोक तिला अधूनमधून नवा विषाणू पुरवतात, आणि थोडा वाटा डासांच्या अंड्यांचाही असतो (प्रश्न ५).

साखळीची एक फेरी सुमारे तीन आठवड्यांची असते. डास चावल्यावर माणसाला ताप यायला बहुधा ४ ते ७ दिवस लागतात, आणि त्याचं रक्त प्यायलेला डास रोग पसरवण्याजोगा व्हायला आणखी ८ ते १२ दिवस. त्यात चाव्यांमधले काही दिवस मिळवले की तीन आठवडे होतात. म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीपासून सप्टेंबरअखेरपर्यंत आठ फेऱ्या होतात. एका रुग्णामागे एकच नवा रुग्ण झाला तर साखळी जेमतेम जिवंत राहते. तेच प्रमाण दीड झालं तर आठव्या फेरीत एकाचे पंचवीस होतात आणि दोन झालं तर अडीचशेच्या वर. सप्टेंबरमध्ये वॉर्ड भरतात त्याचा हिशोब एप्रिलमध्येच सुरू झालेला असतो. म्हणून मार्च ते मे या महिन्यांत रिकामं केलेलं एक पिंप सप्टेंबरमधल्या दहा पिंपांपेक्षा मोलाचं आहे.

२. हा डास गटारातून येतो का?

नाही. गटारात वाढतो तो क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणणारा तोच, आणि हत्तीरोग पसरवणाराही तोच. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका पसरवतो एडीस इजिप्ती. त्याचा रंग काळा, पायांवर पांढरे पट्टे आणि पाठीवर वीणेच्या आकाराची पांढरी खूण. त्याला तुलनेने स्वच्छ, साठवलेलं पाणी लागतं. तो दिवसा चावतो, त्यातही सकाळी उजाडल्यानंतरचे आणि सूर्यास्ताआधीचे दोन-तीन तास जास्त. त्याचं उडणं फार नसतं, बहुतेक माद्या (चावतात त्या माद्याच) जन्मल्या जागेपासून शे-दोनशे मीटरांच्या आतच आयुष्य काढतात. तुम्हाला चावलेला डास बहुधा तुमच्या किंवा शेजारच्या घरातच जन्मलेला असतो, आणि हे पटलं की उपाय कुठे करायचा ते आपोआप कळतं.

३. रुग्णाला चावलेला डास लगेच मला चावला तर मला डेंग्यू होईल का?

सहसा नाही. डास म्हणजे सुई नव्हे. रक्तासोबत गेलेल्या विषाणूला आधी डासाच्या आतड्याच्या पेशींत शिरून वाढावं लागतं, मग आतड्याची भिंत ओलांडून शरीरभर पसरावं लागतं आणि शेवटी लाळग्रंथी गाठावी लागते. लाळेत विषाणू उतरला की मगच चावा धोक्याचा. २५ ते २८ अंश तापमानात डेंग्यूला यासाठी ८ ते १२ दिवस लागतात. चिकुनगुन्या यात बराच चपळ आहे, त्याला कधी कधी दोन-तीन दिवसही पुरतात. चिकुनगुन्याची साथ वस्तीच्या वस्ती झपाट्याने आडवी करते, त्याचं हे एक कारण.

अनेक डासांत विषाणू आतड्यातच अडतो आणि ते डास कधीच रोग पसरवत नाहीत. पण एकदा लाळेत उतरला की ती मादी मरेपर्यंत संसर्गजन्य राहते. डासाच्या शरीरात विषाणूचा पुरता नायनाट होत नाही आणि डास त्याने फारसा आजारीही पडत नाही.

४. डास जगतो दोन-तीन आठवडे. त्यातले दहा दिवस विषाणू पिकण्यात गेले तर उरतं काय?

नेमकं इथेच सगळं ठरतं. समजा शंभर माद्या आहेत आणि रोज त्यांतल्या ९० टक्के दुसऱ्या दिवसापर्यंत जगतात. दहा दिवसांनी उरतात ३५. रोज ८० टक्केच जगल्या, तर दहा दिवसांनी उरतात जेमतेम अकरा. रोजच्या जगण्यात दहा टक्क्यांचा फरक, पण धोकादायक वयाला पोचणाऱ्या माद्या एक-तृतीयांशावर येतात.

आता ऊब वाढली आणि विषाणू दहाऐवजी सात दिवसांत पिकला असं धरा. ९० टक्के जगण्याच्या हिशोबात तोवर शंभरातल्या ४८ माद्या शिल्लक असतात. म्हणून ऊन-पावसाच्या दमट दिवसांत, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, साथ उसळते. फार कडक उन्हात उलट डासच लवकर मरतात.

आणखी एक सवय विषाणूच्या कामी येते. एडीस मादी अंड्यांच्या एका फेरीसाठी एकाच माणसावर पोट भरून थांबत नाही. हात झटकला की उडते आणि दुसऱ्याला चावते. एकाच घरात तिघं-चौघं पाठोपाठ आजारी पडतात ते अनेकदा यामुळेच.

५. डासाच्या अंड्यांतून विषाणू पुढच्या पिढीत जातो, हे खरं आहे का?

खरं आहे, पण त्याचं माप नीट समजून घ्यायला हवं. याचा सरळ पुरावा म्हणजे नर डास. नर रक्त पीत नाही, फुलांच्या आणि झाडांच्या रसावर जगतो. तरीही शहरांतून पकडलेल्या नरांमध्ये आणि अळ्यांपासून वाढवलेल्या डासांमध्ये डेंग्यूचा विषाणू सापडला आहे. अळीला तो आईकडूनच मिळणार. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात डेंग्यू-३ हा प्रकार (प्रश्न ९) प्रयोगशाळेत डासांच्या सातव्या पिढीपर्यंत टिकलेला आढळला.

मात्र संसर्ग झालेल्या मादीची सगळी पिल्लं विषाणू घेऊन जन्मत नाहीत, फार थोडी जन्मतात. एवढ्यावरच साखळी वर्षानुवर्षं चालू शकत नाही, गणिती प्रारूपांतूनही हेच दिसतं. अंड्यांतला विषाणू म्हणजे राखेखालचा निखारा. तो पेटायला पुन्हा माणसाचं रक्त लागतं. एखाद्या भागात महिनोन्‌महिने रुग्ण नसताना अचानक पहिला रुग्ण निघतो, तेव्हा ही शक्यता ध्यानात ठेवावी. पण आधी प्रश्न ८ चं उत्तर वाचा, ते कारण कितीतरी जास्त वेळा लागू पडतं.

६. पिंप ओतून पार कोरडं केलं होतं. पाणी भरल्यावर चार दिवसांत अळ्या कशा दिसल्या?

कारण अंडी पाण्यात नव्हती, भिंतीला होती. एडीस मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीवर अंडी घालते. एका वेळी साठ ते शंभर, तीही एकाच भांड्यात नाही, चार-पाच ठिकाणी वाटून. अंडं काळं, मिलिमीटरभरही लांब नसतं. पिंपाच्या आतल्या बाजूला टॉर्च तिरका धरला तर पाण्याच्या जुन्या रेषेवर बारीक काळी भुकटी चिकटल्यासारखी दिसते.

पहिले दोन-तीन दिवस ओल मिळाली की आतला गर्भ तयार होतो, आणि मग अंडं सुकलं तरी मरत नाही. अशी अंडी कोरड्यात कित्येक महिने जगतात, काही तर वर्षभरही. पुन्हा पाणी चढलं की फुटतात, तीही सगळी एकदम नाही, हप्त्याहप्त्यानं. त्यामुळे एकदाच पाणी ओतून दिल्याने साठा संपत नाही.

त्यावर उपाय घासण्याचाच. पिंप रिकामं करून पाण्याच्या रेषेपासून वरच्या काठापर्यंत काथ्याने किंवा ताठ ब्रशने भिंत खरवडा, ते पाणी गटारात न टाकता उन्हातल्या कोरड्या मातीवर ओता, आणि पिंप पालथं घालून वाळवा. हे दर आठवड्याला करायचं, कारण उबदार दिवसांत अंड्यातून निघालेली अळी कोष होऊन डास व्हायला ७ ते १० दिवस लागतात. ‘कोरडा दिवस’ आठवड्यातून एकदा ठेवतात तो याच हिशोबाने, पंधरवड्याने पाळला तर एक पिढी निसटते.

७. एप्रिल-मेमध्ये सगळं कोरडं असतं. तेव्हा डास राहतात कुठे?

घरात. उन्हाळा हा पाणी साठवण्याचा काळ असतो. नळाला दिवसाआड पाणी आलं की पिंपं, रांजण, हौद, बादल्या भरून ठेवल्या जातात आणि तळाचं पाणी पूर्ण बदलत नाही. टंचाईच्या वस्तीत एडीस उन्हाळ्यातही भरपूर असतो तो यामुळे.

विदर्भात आणि मराठवाड्यात यात कूलरची भर पडते. बाहेर ४५ अंश असलं तरी कूलरच्या खोलीत डासाला हवी तशी थंड, दमट हवा मिळते आणि टाकीत पाणीही. जूनमध्ये कूलर माळ्यावर जातो तेव्हा टाकीच्या भिंतींवर आणि गवताच्या जाळ्यांवर चिकटलेली अंडी सोबत जातात. पुढच्या मार्चमध्ये पाणी भरलं की त्यांतली काही जागी होतात. कूलर उचलून ठेवण्याआधी टाकी घासून, उन्हात कडक वाळवून ठेवा आणि जुनं गवत जाळून टाका.

८. आमच्या गल्लीत कुणालाच ताप नाही. मग डासाला विषाणू मिळतो कुणाकडून?

ताप न आलेल्या माणसाकडून. जगभरच्या डेंग्यू-संसर्गांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना नाव घेण्याजोगी लक्षणंच नसतात. ते कामावर जातात, बसने फिरतात, लग्नाला जातात आणि त्यांना चावलेल्या डासाला विषाणू मिळतो. कंबोडियातल्या २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं की रक्तात विषाणूचं प्रमाण सारखं असताना, लक्षणं नसलेले लोक आजारी माणसांपेक्षा डासांना जास्त सहज संसर्ग देतात.

ज्यांना ताप येतो त्यांच्याही रक्तात ताप येण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून विषाणू असतो. म्हणजे रुग्ण दवाखान्यात पोचतो तोवर त्याच्या घरातल्या डासांचं काम होऊन गेलेलं असतं. रुग्णांच्या नोंदीवरून शहर ‘डेंग्यूमुक्त’ ठरवता येत नाही ते यामुळेच.

९. एकदा डेंग्यू झाला. आता सुटलो ना?

एका प्रकारापासून सुटलात. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. ज्याचा संसर्ग झाला त्याच्याविरुद्ध बहुधा आयुष्यभर संरक्षण मिळतं, बाकी तिघांविरुद्ध फक्त काही महिने. नंतर दुसऱ्या प्रकाराने गाठलं तर आजार गंभीर होण्याची शक्यता उलट वाढते, कारण जुनी प्रतिपिंडं नव्या प्रकाराला मारू शकत नाहीत, पण त्याला चिकटून पेशींत शिरायला मदत करतात.

शहराच्या पातळीवरही हेच घडतं. एका प्रकाराने दोन-तीन वर्षं साथ आणली की त्याला नवी माणसं कमी पडू लागतात, आणि तोवर कमी दिसणारा दुसरा प्रकार डोकं वर काढतो. जन्मणारी मुलं आणि बाहेरून येऊन राहणारे लोक यांमुळे मोठ्या शहरात विषाणूला माणसांचा तुटवडा कधीच पडत नाही.

१०. चिकुनगुन्या मध्ये कित्येक वर्षं गायब होता. तो काळ डासांतच दडून बसला होता का?

महाराष्ट्रातला हा इतिहास फार बोलका आहे. भारतात १९६३ मध्ये कोलकात्याला मोठी साथ आली, १९६५ मध्ये चेन्नईत आणि नागपुरात, १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला. त्यानंतर मोठी साथ नाही. तीन दशकांनी, २००५ च्या अखेरीस आंध्र आणि कर्नाटकापासून सुरू होऊन २००६ मध्ये महाराष्ट्रासह देशभर संशयित रुग्णांचा आकडा तेरा लाखांवर गेला.

जुना विषाणूच जागा झाला, असं वाटणं साहजिक होतं. पण पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने जपून ठेवलेले नमुने ताडून पाहिल्यावर वेगळंच निघालं. १९६३ ते १९७३ चा विषाणू आशियाई गटाचा होता आणि २००५-०६ चा आफ्रिकी गटाचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या यवतला २००० मध्ये पकडलेल्या एडीस डासांतला विषाणूही आफ्रिकी गटाचाच होता. म्हणजे नवा पाहुणा देशभरच्या साथीच्या पाच वर्षं आधीच आपल्या दाराशी आला होता, आणि त्याचा पत्ता लागला तो डासांतून.

चिकुनगुन्याचा असा एकच प्रकार असल्याने साथ येऊन गेली की बहुतेकांना टिकाऊ संरक्षण मिळतं आणि साखळी तुटू शकते. डेंग्यूला चार प्रकारांचा आधार असतो, तसा याला नाही. म्हणून तो लांब खंड घेतो आणि संरक्षण नसलेली पिढी वाढली की जोरात परततो.

११. झिकाचं काय?

डास तोच, चक्रही जवळजवळ तेच. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला आणि २०२४ मध्ये पुणे शहरात अनेक रुग्ण निघाले, त्यांत गरोदर महिलाही होत्या. बहुतेकांना लक्षणं नसतात किंवा किरकोळ असतात, पण गर्भातल्या बाळाच्या मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. झिकाचा अपवाद असा की तो शरीरसंबंधातूनही पसरतो. संसर्ग झालेल्या पुरुषाने तीन महिने, स्त्रीने दोन महिने खबरदारी घ्यावी असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. जोडीदार गरोदर असेल तर संपूर्ण गरोदरपणात.

१२. धूरफवारणी झाली, तरी रुग्ण येतातच. मग उपयोग काय?

धूर मारतो तो त्या क्षणी उडणाऱ्या डासाला. एडीस मादी मात्र पलंगाखाली, कपाटामागे, खुंटीवरच्या गडद कपड्यांत बसलेली असते. रस्त्यावरून गाडी जाताना आपण खिडक्या लावून घेतो, मग धूर तिच्यापर्यंत पोचणार कसा? अळ्या, कोष आणि अंडी यांना धुराचं काहीच होत नाही, त्यामुळे दोन-चार दिवसांत नवे डास निघतात. वारंवार तेच कीटकनाशक वापरलं की डासांत प्रतिकारशक्तीही तयार होते.

रुग्ण सापडलेल्या आणि आजूबाजूच्या घरांत आतून फवारणी केली, तर म्हाताऱ्या, विषाणू पिकलेल्या माद्या मरतात (प्रश्न ४) आणि त्याचा खरा उपयोग होतो. कर्मचारी घरात येऊ म्हणाले तर येऊ द्या. भांडी झाका, अर्धा तास बाहेर थांबा, आणि त्याच दिवशी पिंपं घासून घ्या.

१३. पाण्यात औषध किती टाकायचं? गप्पी मासे चालतील का?

टेमिफॉस या अळीनाशकाचे १ टक्क्याचे वाळूचे दाणे मिळतात. त्यांचं प्रमाण १० लिटरला १ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या पिंपाला २० ग्रॅम. पिण्याच्या पाण्यात याहून जास्त टाकायचं नाही, आणि ५० टक्क्यांचं द्रव औषध तर मुळीच नाही. पिंपातलं पाणी रोज उपसून नवं भरलं जात असेल तर औषध लवकर पातळ होतं, तिथे घासणंच बरं.

गप्पी मासे हौद, कारंजी, बांधकामावरच्या टाक्या अशा रिकाम्या न करता येणाऱ्या पाण्यासाठी उत्तम. नळाच्या ताज्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात, म्हणून पाणी दिवसभर उघडं ठेवून मग सोडा. नदी-तळ्यात मात्र सोडू नका. ते मूळचे इथले नाहीत, स्थानिक माशांची अंडी-पिल्लं खातात.

१४. सोसायटीत तपासणी झाली, एकही अळी सापडली नाही. तरी तिघांना डेंग्यू. कसं शक्य आहे?

आधी पाहिलेली ठिकाणं पुन्हा आठवा. कुंड्यांखालच्या ताटल्या आणि पिंपं सगळे बघतात. राहून जातात ती ही: लिफ्टच्या तळाचा खड्डा, तळमजल्यावरच्या टाकीचं तुटकं झाकण, गच्चीवरच्या शेडच्या ताडपत्रीची खोळ, फ्रिजमागचा ट्रे, बंद फ्लॅटच्या संडासाची टाकी, पार्किंगमधलं जुनं टायर, मनी प्लँटची बाटली, शेजारच्या बांधकामात स्लॅब ओला ठेवायला त्यावर घातलेल्या बांधांतलं पाणी. बंद फ्लॅटची किल्ली सोसायटीकडे नसेल तर ती तपासणी अपुरीच धरा.

दुसरं, चावा घरातच झाला असं नाही. एडीस दिवसा चावतो, त्यामुळे शाळा, ऑफिस, क्लास ही ठिकाणंही तपासायला हवीत.

तिसरं, आकडे. शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या मिळाल्या, हा घर-निर्देशांक. तो १ च्या खाली असेल तर धोका कमी आणि १० च्या वर गेला तर जास्त, असा ठोकताळा आहे. पण सिंगापूरने हा आकडा दोनच्या आसपास आणूनही तिथे साथी आल्या, कारण वर्षानुवर्षं संसर्ग कमी राहिल्याने लोकांत संरक्षणच उरलं नव्हतं. डास कमी म्हणजे साथ नाही, असं समीकरण मांडता येत नाही.

१५. घरात रुग्ण असेल तर इतरांसाठी काय करायचं?

रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा, ताप उतरल्यावर आणखी दोन दिवस तरी. मच्छरदाणी रुग्णासाठी नाही, घरातल्या डासांना त्याच्याकडून विषाणू मिळू नये आणि त्यांच्यामार्फत शेजाऱ्यांपर्यंत जाऊ नये यासाठी. तापावर फक्त पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील त्या मात्रेत. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी) तपासणी, त्यानंतर आयजीएम (शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी). ताप उतरताना पोटात जोराने दुखू लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं किंवा माणूस सुस्तावला, तर तो बरा होतोय असं समजू नका, लगेच रुग्णालय गाठा.

१६. वोल्बाकिया सोडलेले डास आपल्याकडे चालतील का?

वोल्बाकिया हा अनेक कीटकांच्या पेशींत राहणारा जिवाणू, एडीस इजिप्तीत मात्र तो निसर्गतः सहसा नसतो. तो घातला की डासाच्या अंगात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही, आणि मादीच्या अंड्यांतून जिवाणू पुढच्या पिढीत जातो. म्हणजे विषाणू प्रश्न ५ मधली जी वाट अधूनमधून वापरतो, तीच हा जिवाणू जवळजवळ प्रत्येक अंड्यात वापरतो. इंडोनेशियातल्या योग्यकर्त्याच्या चाचणीत डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्क्यांनी घटले. पुदुच्चेरीच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राने भारतीय डासांत असे वाण तयार केले आहेत. अडचण उष्णतेची आहे. डब्ल्यू-मेल हा जिवाणूचा वाण कडक उन्हात डासातून कमी होऊ लागतो, डब्ल्यू-अल्ब-बी जास्त तग धरतो. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात ही निवड किरकोळ नाही.

१७. आमचं घर कोकणात, बागेत. तिथे पिंपं नाहीत, तरी पट्ट्यांचे डास आहेत. ते तेच का?

बहुधा त्याचा भाऊबंद, एडीस अल्बोपिक्टस. पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ असते, त्यावरून ओळखा. सिंधुदुर्ग, गोवा, केरळच्या बागायती पट्ट्यात त्याला करवंट्या, पोफळीची गळून पडलेली विरी, झाडाची ढोली, रबराच्या चिकाचे पेले एवढं पाणी पुरतं. तो माणसासोबत जनावरांनाही चावतो, त्यामुळे डेंग्यूसाठी इजिप्तीपेक्षा कमी कामाचा. चिकुनगुन्याची गोष्ट वेगळी. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर त्या विषाणूच्या वेष्टनात एकच लहानसा बदल झाला आणि तो अल्बोपिक्टसमध्ये सहज वाढू लागला. पुढे केरळातही तोच बदल दिसला. बागेत करवंट्या पालथ्या टाका, ढोल्या वाळू-मातीने बुजवा.

१८. डास चावला नसतानाही डेंग्यू होऊ शकतो का?

क्वचित. रक्त चढवल्यातून, अवयवरोपणातून, आणि प्रसूतीच्या सुमारास आई तापात असेल तर बाळाला. शिंकण्या-खोकण्यातून किंवा एका ताटात जेवल्याने नाही. प्रसूतीच्या आधीच्या आठवड्यात ताप आला असेल तर ते प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, म्हणजे बाळावर पहिले काही दिवस नीट लक्ष ठेवता येतं.